कुलूपबंद पेटीवरचा हिरवा कागद

त्या दिवशी आमच्या भागात लाईट साडेचारला येणार होती. ती तीन वाजून दहा मिनिटांनी आली. माझा भाऊ तेव्हा विहिरीत उतरला होता.

मी शाळेत होते. प्रयोगशाळेच्या फरशीवर तक्ता पसरून मी आणि सुवर्णा त्यावर विहिरीवरच्या मोटारींची चित्रं रंगवत होतो. साताऱ्याला विज्ञान प्रदर्शन होतं आणि आमच्या ऊर्जा बचत पथकाला तिथं एक टेबल मिळालं होतं. डोक्यावरची ट्यूब दोनदा मिचकावून लागली, पंखा कुरकुरत फिरला आणि सगळ्या वर्गांतून एकदम ओरडा उठला, "आली! आली!" लोडशेडिंगच्या त्या काळात हा ओरडा कुणी ठरवून करत नसे, तो आपोआप निघायचा. मी एरवी ओरडणारी मुलगी नव्हते. बाकावर पुस्तक उघडं ठेवून बसणारी, हजेरीलाही हळूच "हजर" म्हणणारी. पण त्या दिवशी तक्ता संपत आला होता, मी खुशीत होते, आणि मीही ओरडले. सुवर्णानं हात पुढं केला, मी टाळी दिली. मग उठून पंखा बंद केला, कारण तक्ता उडत होता, आणि शिवाय आम्ही ऊर्जा बचत पथकातल्या मुली होतो.

पुढं मी साताऱ्यात बरीच वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं. वर्गात गेलेली लाईट परत आली की मुलं ओरडायची आणि मी खडू खाली ठेवून खिडकीपाशी जाऊन उभी राहायचे. बाईंना गोंगाट आवडत नाही, असं मुलांना वाटायचं. मी तसं वाटू दिलं.

अब्बांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान इस्लामपूरच्या रस्त्यावर, आमच्या गावच्या एस.टी. थांब्यासमोर होतं. पंचक्रोशीत त्यांना इस्माईल मिस्त्री म्हणत. दुकानामागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो, म्हणजे दुकान आणि घर यांच्यामध्ये फक्त एक पडदा होता. पडद्याच्या पलीकडून व्हार्निशचा उग्र गोडसर वास यायचा, जळालेल्या तारेचा करपट वास यायचा, आणि अलीकडून अम्मीच्या तव्यावरच्या भाकरीचा. शुक्रवारी अख्खा मसूर व्हायचा, त्यावर लसणाची फोडणी बसली की तेवढा वेळ व्हार्निश हरायचं. घरात आम्ही हिंदी आणि मराठीची आमची अशी खिचडी बोलायचो. इथं मी ती मराठीतच लिहिते आहे, कारण माझ्या आठवणीत ती तशीच ऐकू येते.

दुकानात दारापाशी जळक्या मोटारींची रांग असायची. आसपासच्या ऊसवाल्यांच्या विहिरींवरून त्या बैलगाडीतून, ट्रॅक्टरमधून, कधी दोघांच्या मध्ये सायकलवर बसून यायच्या. भाई, म्हणजे माझा थोरला भाऊ इकबाल, दहावीनंतर अब्बांच्या हाताखाली बसला होता. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तांब्याची तार गुंडाळताना त्याचे ओठ हलत. तो वेढे मोजत असे. एक वेढा चुकला तर सगळी गुंडाळी उलगडावी लागे. मी मुद्दाम त्याच वेळी जाऊन विचारायचे, "भाई, हा शब्द कसा लिहायचा?" तो ओठ हलवत राहायचा आणि डाव्या हाताचं बोट वर करून मला थांबवायचा. उजव्या हाताची बोटं मात्र थांबत नसत. लांब, सडपातळ बोटं होती. अम्मी म्हणायची, "ह्या पोराची बोटं शिवणाऱ्याची हायत, चुकून मिस्त्रीच्या घरात आली."

आमच्या घरात भीती बोलून दाखवायची पद्धत नव्हती. ती कानात असायची. अब्बांचा एक नियम होता आणि त्यात सवलत नव्हती. विहिरीतल्या मोटारीवर काम करायचं, तर आधी वरच्या स्टार्टरच्या पेटीतले तिन्ही फ्यूज काढायचे आणि स्वतःच्या खिशात टाकायचे. चिनी मातीचे पांढरे, मुठीत मावतील एवढे. फ्यूज आपल्या खिशात असले की जगातला कुठलाही माणूस ती मोटर चालू करू शकत नाही. खाली उतरताना ते खिशात वाजले पाहिजेत. "वाजत नसंल तर शिडीवर पाय ठेवायचा न्हाई," अब्बा म्हणायचे. "मिस्त्रीचा जीव छातीत नसतोय, खिशात असतोय." कधी कधी फ्यूज परत बसवायचे राहून जात आणि भाई ते घेऊनच घरी येई. संध्याकाळी त्याची सायकल थांबली की अम्मी लाटणं थांबवून ऐकायची. तो किणकिण आवाज आला तर ती त्याला शिव्या घालायची, कारण कुणाचीतरी मोटर बंद पडून राहिलेली असे. पण शिव्या घालताना तिचा चेहरा सैल झालेला असायचा.

पथकाचं काम विज्ञानाच्या माने सरांनी सुरू केलं. आधी आम्ही घरोघरी पिवळे दिवे मोजले, रिकाम्या खोलीतला पंखा बंद करा म्हणून सांगत फिरलो. लोक हसायचे. "लाईटच नसतीया, वाचवू काय?" हे बरोबरही होतं. मग सर एकदा आमच्या दुकानात आले, जळक्या मोटारींच्या रांगेकडं बघत उभे राहिले आणि अब्बांना म्हणाले, "मिस्त्री, एवढ्या जळतात कशानं?"

"ऑटोनं," अब्बा म्हणाले.

ऑटो म्हणजे पेटीत बसवायची छोटी डबी. ती असली की लाईट आल्याबरोबर मोटर आपली आपण चालू होते. लाईट कधी येईल त्याचा नेम नाही, पहाटे येईल, अवेळी येईल, मग थंडीत उठून विहिरीवर कोण जाणार? म्हणून जो तो ऑटो बसवायचा. आणि लाईट आली की एका डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी एकाच क्षणी उचल खायच्या. डीपी जळायची, मोटारी जळायच्या, आणि शेतकरी झोपेत असताना उसाचं रान भरून पाणी ओढ्याला वाहत राहायचं. वीज गेली, पाणी गेलं, जमीन पाण्यानं चिबडली. माने सरांनी हे फळ्यावर मांडलं तेव्हा मी ते सगळं वहीत उतरवून घेतलं. मी पुस्तकं वाचणारी मुलगी होते. जगातली एखादी मोठी गोष्ट आपल्या दुकानाच्या दारात पडलेली असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

आम्ही ओढ्याकडची एक डीपी निवडली. तिच्यावर एकवीस मोटारी होत्या. प्रत्येक शेतकऱ्याला भेटायचं, पटवायचं, त्यानं ऑटो काढला की पेटीच्या दारावर हिरवा घोटीव कागद चिकटवायचा. कागदावर मी काळ्या शाईनं लिहायचे: 'इथला ऑटो काढला आहे. मोटर माणसानंच चालू करावी.' अक्षर माझं चांगलं होतं म्हणून सगळे कागद मी लिहिले. सरांची एकच अट होती. पेटी उघडून, आत बघून, मगच कागद लावायचा.

घरात माझी चेष्टा व्हायची. "पोरगी बापाचं दुकान बंद करणार," अब्बा जेवताना म्हणायचे. "मोटारी जळायच्या थांबल्या तर खाणार काय, कागद?" भाई म्हणायचा, "खाऊ की. चटणी लावून." पण गिऱ्हाईक आलं की तो माझ्या देखत सांगायचा, "आमच्या बाईनं त्या डीपीवरचे ऑटो काढाय लावल्यात. बघा जाऊन, एक मोटर जळाली न्हाई तवापास्नं." तो मला लहानपणापासून बाई म्हणायचा. मी मास्तरीण होणार हे त्यानं माझ्या आधी ठरवून टाकलं होतं. अब्बांचं तसं नव्हतं. दहावी झाली की पुरे, असं ते मोकळेपणानं बोलत.

वीस पेट्यांवर कागद लागले. राहिली ती सुभेदार आबांची. फौजेतून निवृत्त होऊन ते वस्तीवर राहायचे. ताठ चालणारा, पांढऱ्या मिशांचा माणूस. गावात त्यांच्या शब्दापुढं कुणी जात नसे. आम्ही दोघी गेलो तेव्हा ते विहिरीच्या कडेला खुरपं घेऊन बसले होते. पेटी खांबावर होती आणि पेटीला कुलूप होतं.

"आबा, ऑटो काढला का आवं?" सुवर्णानं विचारलं.

"काढला की काल. लावा तुमचा कागूद."

"पेटी जरा उघडता का?" मी म्हणाले. म्हणाले म्हणजे पुटपुटले.

"किल्ली घरात हाय खुंटीला. एवढ्यासाठी म्हाताऱ्याला पळवतीस व्हय?" ते हसत होते. "कुणाची गं तू? मिस्त्रीची न्हवं? तुझ्या बापानं माझ्या तोंडी शब्दावर तीन जळक्या मोटारी भरून दिल्यात. आन् तू कुलूप उघडाय लावतीस?"

मी पायाकडं बघितलं. सुवर्णानं मला कोपर मारलं. "लाव गं. मिल्ट्रीवाला माणूस हाय, खोटं बोलंल व्हय? ऊन बघ किती झालंय."

मी खळीची वाटी काढली. कागदाला पाठीमागून सगळीकडं खळ लावली, चारी कोपरे अंगठ्यानं दाबले. शाळेत येऊन सांगितलं, एकवीस झाले. माने सरांनी विचारलं, "सगळ्या बघितल्या?" आणि सुवर्णा "हो" म्हणाली, आणि मी मान हलवली. या सगळ्यात मी एकदाही खोटं बोलले नव्हते, असं मी त्या वयात स्वतःला सांगू शकत होते. मी फक्त आवाज काढला नव्हता.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी सुभेदार आबांच्या घरून दुकानात निरोप आला, पंपातून पाणी गळतंय. पंपाच्या दांड्याभोवती दोरी भरून गळती थांबवायची, तासाभराचं काम. भाई सायकलवर गेला. आबा पेन्शनच्या कामासाठी साताऱ्याला गेले होते आणि पेटीची किल्ली त्यांच्या खिशात गेली होती. त्यांच्या मंडळींनी भाईला सांगितलंही, "सांजच्याला ये की रं, किल्ली न्हाई." भाईनं पेटीचं कुलूप हलवून बघितलं. लाईट यायला दीड तास होता. मग तो शिडीवरून खाली उतरला. खिशात काही वाजत नव्हतं.

पुढचं मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे आणि प्रत्येक वेळी ऐकताना तेच वाटतं, की आता कुणीतरी त्याला वर बोलावेल. कुणी बोलावलं नाही. त्याचा उजवा हात दांड्याशी होता, पाना लावलेला, आणि मोटर फिरली. पान्यानं हात आत ओढला, मग त्याला उचलून पाण्यात फेकलं. मंडळींनी बोंब ठोकली. शेजारच्या रानात ऊसतोडीची टोळी होती, ते लोक धावत आले. दोघांनी विहिरीत उड्या टाकल्या. पण मोटर बंद करता येईना, कारण पेटीला कुलूप होतं. खाली भाई पाण्यात, दोघं त्याला धरून, आणि वर ती मोटर धडधडत होती. शेवटी एकानं कोयत्याच्या पाठीनं कुलूप तोडलं. आत ऑटोची डबी होती. तिच्यावरचा लाल दिवा पेटलेला होता, असं तो माणूस नंतर सगळ्यांना सांगायचा.

मला शाळेतून न्यायला गावातला एक जण मोटारसायकल घेऊन आला. "तुझा भाऊ हिरीत पडला," एवढंच तो म्हणाला. मी विचारलं, "कुणाच्या?" त्यानं सांगितलं. मग सांगलीपर्यंत मी काहीच विचारलं नाही. माझ्या हाताला हिरवा रंग होता, तक्त्याचा. मी तो ओढणीनं पुसत राहिले.

सांगलीच्या दवाखान्यात आम्ही नऊ दिवस होतो. पहिले दोन दिवस भाई शुद्धीवर येऊन जात होता. जगेल, असं डॉक्टर म्हणाले. हाताचं मात्र बोलत नव्हते. अम्मी व्हरांड्यात तसबीह घेऊन बसली होती, मणी फिरत होते आणि ती दर वेळी सायकल थांबल्याचा आवाज आला की मान वळवायची. मला चहा आणि बेकरीतलं कडक बटर दिलं गेलं की मी ते बटर चहात बुडवायचे आणि ते तिथंच विरघळून जायचं. मी भाईसाठी घाबरले होते, हे खरं आहे. पण इतक्या वर्षांनी लिहायला बसले आहे तर सगळंच लिहिते. मी त्याच्या शुद्धीवर येण्यालाही घाबरले होते. तो बोलायला लागला की काय बोलेल, याची भीती मला त्याच्या मरणाच्या भीतीइतकीच होती, आणि दोन्ही एकाच छातीत एकाच वेळी मावत होत्या.

तिसऱ्या दिवशी तो नीट जागा झाला. उजव्या हाताचं मोठं गाठोडं झालं होतं. तीन बोटं काढावी लागली होती. अब्बा खाटेजवळ उभे होते. त्यांनी त्याच्या कपाळावरून हात फिरवला, पाणी पाजलं. मग त्याच आवाजात विचारलं, "कुलूप दिसलं न्हवं? मग माघारी का आला न्हाईस?"

भाईनं अब्बांच्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलं. मी खाटेच्या पायाशी उभी होते. बघून त्यानं डोळे मिटले.

"कंटाळा केला, अब्बा," तो म्हणाला. "परत कोण सायकल हाणत येतंय, म्हटलं."

अब्बा वळले. व्हरांड्यात जाऊन भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मी त्यांना रडताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कपडे आणायला म्हणून मी एकटी गावी आले. घरी गेलेच नाही. एस.टी.तून उतरले ती तडक ओढ्याकडं निघाले. अब्बा परतले की त्या पेटीवर जाऊन बघणार, हे मला माहीत होतं. ते मिस्त्री होते. पेटीचं दार वाकून लोंबत होतं आणि कागद दारावर तसाच होता. माझं अक्षर उन्हात स्वच्छ दिसत होतं. मी नखांनी कोपरा उचकटायला लागले. तो निघेना. हिरवे कपटे नखात अडकले. मागं पावलं वाजली.

सुभेदार आबा होते. दाढी वाढलेली. त्यांनी माझ्या नखांतले हिरवे कपटे बघितले.

"लय घट्ट चिकटवलायस, पोरी," ते म्हणाले. "असा न्हाई निघायचा."

त्यांनी विहिरीवरच्या बादलीतलं पाणी ओंजळीनं कागदावर मारलं, खिशातला चाकू काढून उघडला आणि माझ्या हातात दिला. मी खरवडत होते आणि ते पाणी मारत होते. सगळा कागद निघाल्यावर ते म्हणाले, "काढणार हुतो. त्या दिशीच काढणार हुतो. रातच्याला थंडी लय हुती." मग म्हणाले, "तू कागूद लावलास तवाच मी तोंड उघडाय पायजे हुतं."

मी चाकू परत केला. आम्ही दोघांनीही पुढं कधी कुणाला काही सांगितलं नाही. ते आता नाहीत. त्यांच्यावर मला कधी पुरता राग धरता आला नाही; राग धरायला माणूस स्वतः कुठंतरी वेगळा उभा असावा लागतो.

साताऱ्याचं प्रदर्शन त्याच आठवड्यात होतं. मी जाणार नाही म्हणाले, तर अब्बाच म्हणाले, "जा. एवढं काम केलंय तुमी. ते ऑटो वाईटच." मी टेबलामागं उभी राहिले. माणसं येत होती, तक्ता वाचत होती. परीक्षकांमध्ये एक म्हातारे गृहस्थ होते, वीजखात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी सगळं वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "एकवीसच्या एकवीस? पेट्या उघडून बघितल्या होत्या का गं?"

सुवर्णा बोलायच्या आधी मीच बोलले. "हो सर. सगळ्या."

आवाज स्पष्ट आला. माझा मलाच ऐकू आला. आम्हाला ढाल मिळाली. परतीच्या एस.टी.त सुवर्णानं ती मांडीवर धरली होती. कराडपर्यंत तिनं माझ्याशी बोलायचा प्रयत्न केला आणि मग तीही खिडकीबाहेर बघायला लागली.

भाई घरी आला. महिनाभर तो पडद्याच्या अलीकडं बसून असायचा, पलीकडं अब्बा एकटे तार गुंडाळायचे. मग एके दिवशी दुपारी, अब्बा नमाजला गेलेले असताना, तो उठून दुकानात जाऊन बसला आणि डाव्या हातानं वेढे घालायला लागला. मी दारात उभी राहिले. त्याचे ओठ हलत होते. तार सुटली. त्यानं पुन्हा सुरू केलं. पुन्हा सुटली.

"भाई," मी म्हणाले, "तू कागद बघितला होतास ना?"

तो मोजत राहिला. बोट वर केलं नाही. मग थांबून म्हणाला, "बघितला की. कुलूप हलवून बघितलं, मग कागूद वाचला. तुझं अक्षर, म्हटलं. आता आणि काय बघायचं."

"मी आत बघितलंच नव्हतं."

"कळलं मला. पाण्यात पडल्या पडल्या कळलं." तो थोडा हसला. "गार लय हुतं, बाई, डोकं पटकन चालतंय."

"मग अब्बांना का नाही सांगितलंस?"

"सांगून बोटं येत्यात व्हय?" त्यानं तार दातात धरली, सोडली. "तुझी शाळा गेली असती. बोटं गेली ती गेली, वर शाळा कशाला घालवायची? जा, अभ्यास कर. आन् इथून पुढं कुलूप दिसलं तर उघड म्हणायचं. वरडून म्हणायचं."

त्यावर तो पुन्हा कधीच बोलला नाही. मी शिकले, साताऱ्यात नोकरीला लागले. माझ्या पहिल्या वर्गाच्या दिवशी तो एस.टी.नं आला होता, फाटकाबाहेर उभा राहून बघून गेला. गावात मात्र त्याची गोष्ट राहिली. अब्बा प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला, प्रत्येक शिकाऊ माणसाला ती सांगायचे, कारण त्यांना वाटायचं ती सांगितल्यानं दुसऱ्याचा हात वाचेल. "माझ्या पोरानं कंटाळा केला," ते म्हणायचे. लोकांनी ती उचलली. शेतात कुणी काम टाळलं, कुणी दोर न बांधता झाडावर चढलं, की म्हणायचे, "इकबालगत कंटाळा करू नगंस." हे मी त्याच्या समोर ऐकलं आहे. तो मान खाली घालून तार गुंडाळत असायचा. डाव्या हातानं त्याला पूर्वीइतकी सुबक गुंडाळी कधी जमली नाही, पण जमली. अब्बा गेले तेव्हाही तेच मानून गेले. मानून गेले का, हे मला खात्रीनं सांगता येत नाही. पेटीवर ते गेले होते. वीस पेट्यांवर कागद आणि एकीवर खरवडल्याची खूण, हे त्यांना दिसलं असणार. त्यांनी विचारलं नाही आणि मी पुन्हा एकदा आवाज काढला नाही.

आता ओढ्याकडं बऱ्याच विहिरींवर सौर पाट्या बसल्या आहेत. लाईट आल्याचं काहींना मोबाईलवर कळतं. त्या डीपीवर पुन्हा ऑटो बसले, पुन्हा निघाले. आमची ढाल शाळेच्या कपाटात आहे, असं ऐकते.

भाई जाऊन सहा महिने झाले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. दफन करून माणसं परत आली, दुकानासमोर बाकड्यांवर बसली. मी आत पडद्यामागं बायकांत होते. बाहेर कुणीतरी म्हातारा माणूस, आवाजावरून ओढ्याकडचा, फार मायेनं म्हणाला, "लय गुणाचा माणूस. जन्मात एकदाच कंटाळा केला त्यानं." बाकीच्यांनी "व्हय व्हय" म्हटलं. मला पडदा बाजूला करून बाहेर जाता आलं असतं. मी हात उचलला होता. मग खाली घेतला.

दुकान आता त्याचा मुलगा चालवतो. तो विहिरीवर जाताना तिन्ही फ्यूज खिशात टाकतो आणि परत आला की ते वाजतात. ते ऐकायला आता अम्मी नाही. मी गावी असले तर मी ऐकते.

माझ्या भावानं कंटाळा केला नव्हता. त्यानं माझं अक्षर वाचलं होतं.